हजेरीपटावर नाव कुणाचं? सातारा-सांगलीच्या कष्टकरी बायांचा समतेचा लढा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत शेतमजुरीचे दोन दर बोलले जातात. गड्याचा रोज आणि बाईचा रोज. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, गड्याचं काम जड असतं. हळदीच्या काढणीत दिवसभर वाकून कंद गोळा करणारी, द्राक्षबागेत उन्हात हात वर करून विरळणी करणारी, तासगावकडच्या बेदाणा शेडवर मान खाली घालून बेदाणा निवडणारी बाई हलकं काम करते असं ज्याला वाटतं, त्याने ते काम एक दिवस करून बघावं. काम जड की हलकं, हे ते काम कोण करतं यावरून ठरवलं जातं. जातिव्यवस्थेत कामाची प्रतिष्ठा करणाऱ्याच्या जन्मावरून ठरते. बाईच्या कामाची किंमतही तशीच, तिच्या जन्मावरून ठरते. म्हणून कष्टकरी बाईचा प्रश्न हा आंबेडकरी चळवळीचा बाजूचा प्रश्न नाही, तो मधोमधचा प्रश्न आहे, असं आमचं म्हणणं आहे.

या दोन जिल्ह्यांतल्या बायांच्या लढ्याचा इतिहास वाचताना आम्हाला एक धागा सतत दिसतो. बाई काम करत होती, पण कागदावर तिचं नाव नव्हतं. हजेरीपटावर, रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर, पाण्याच्या वाटपात, जिथे हक्क ठरतो तिथे नाव पुरुषाचं. हे नाव लावून घेण्यासाठी बाया लढल्या. काही ठिकाणी जिंकल्या. आणि जिथे जातीचा प्रश्न बाजूला ठेवला गेला, तिथे जिंकलेला हक्कही आपल्या वस्तीपर्यंत पोचला नाही. या लेखात तेवढंच मांडायचं आहे.

दुष्काळी तलावावरच्या बाया

आज सातारा आणि सांगली वेगळे जिल्हे आहेत. पण १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्याआधी वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. त्यामुळे या मातीचा जुना इतिहास एकच आहे. कृष्णाकाठ हिरवा आणि माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, खानापूर हा पट्टा कायम दुष्काळी.

बाबासाहेबांचं बालपण साताऱ्यात गेलं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १९०१ साली वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. सुट्टीत त्यांना भेटायला निघालेल्या लहान भीमरावाला आणि सोबतच्या मुलांना मसूर स्टेशनवर काय सोसावं लागलं, बैलगाडीवाल्यांनी कसं नाकारलं, रात्रभर प्यायला पाणी कसं मिळालं नाही, हे त्यांनी पुढे आठवणींत लिहून ठेवलं. हा प्रसंग आपण भाषणांत शेकडो वेळा सांगतो. पण रामजी सुभेदार गोरेगावला कशासाठी होते, हे आपण सांगत नाही. तिथे दुष्काळात मरणाऱ्या लोकांना काम देण्यासाठी सरकार तलाव खोदत होतं आणि त्या मजुरांचा पगार वाटण्याशी त्यांची नोकरी जोडलेली होती.

तलाव खोदणारे हात कुणाचे होते? ज्यांना जमीन नाही, साठवलेलं धान्य नाही, अशांचे. त्यात गावकुसाबाहेरची माणसं होती, आणि पुरुषांइतक्याच बाया होत्या. ब्रिटिश सरकारच्या दुष्काळी कामांवर बाईचा दर पुरुषापेक्षा कमी ठरवलेला असे. पाटी डोक्यावर घेणारी बाई आणि कुदळ चालवणारा पुरुष एकाच उन्हात, एकाच भुकेने काम करत, पण संध्याकाळी हातावर पडणारे पैसे वेगळे. गड्याचा रोज आणि बाईचा रोज हा फरक गावाच्या रिवाजात होताच, सरकारने त्यावर शिक्का मारला. ज्या मुलाला मसूरच्या वाटेवर पाणी मिळालं नाही, त्याच मुलाने पुढे हा शिक्का पुसायला घेतला.

बाबासाहेब आणि कामगार बाई

बाबासाहेबांचं स्त्रियांसाठीचं काम म्हटलं की हिंदू कोड बिल आठवतं आणि २७ सप्टेंबर १९५१ चा राजीनामा आठवतो. तो आठवलाच पाहिजे. पण त्याच्या कितीतरी आधी त्यांनी कामगार बाईचा प्रश्न हातात घेतला होता. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कारखान्यातल्या स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा त्यांनी त्याच्या बाजूने जोरदार मांडणी केली. बाळंतपणात बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, त्याचा भार सरकारने उचलावा आणि तिच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकानेही उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये हा कायदा झाला.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. युद्धाच्या काळात कोळशाच्या खाणीत स्त्रियांना जमिनीखाली कामाला पाठवण्यावरची बंदी सरकारने उठवली. त्यावर टीका झाली आणि ती होणं रास्त होतं. १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात त्या टीकेला उत्तर देताना बाबासाहेबांनी एक गोष्ट ठळकपणे नोंदवली, की या कामात बाई आणि पुरुष असा भेद न करता समान कामाला समान दाम हे तत्त्व लागू केलेलं आहे. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. पण समान दामाचं तत्त्व पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये आलं, आणि प्रसूती साहाय्य अनुच्छेद ४२ मध्ये.

हे बाबासाहेबांनी एकट्याने, वरून दिलं असं समजणं चूक आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या आणि सुमारे २५ हजार स्त्रिया आल्या होत्या. त्या परिषदेचे ठराव आजच्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचायला हवेत. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी यांची मागणी त्यात होती. त्याचबरोबर गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत काम करणाऱ्या स्त्रियांना पगारी रजा, दुखापतीची भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन मिळावं, अशीही मागणी होती. घरातली गुलामी आणि कामावरची लूट या दोन्हींविरुद्ध एकाच मांडवात ठराव करणाऱ्या या बाया बहुतेक स्वतः मोलमजुरी करणाऱ्या घरांतल्या होत्या. यातलं आधी कुठलं आणि नंतर कुठलं, असा प्रश्न त्यांना पडला नाही.

विसापूरपासून राज्यभर

आता परत सांगलीकडे येऊ. १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग झाला. वि. स. पागे हे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. गावात जो काम मागेल त्याला काम द्यायचं, ही त्यांची कल्पना या भागात करून पाहिली गेली. त्यातून १९७२ मध्ये राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ मध्ये देशाने केलेल्या रोजगार हमी कायद्याचं मूळ इथे आहे. याबद्दल पागे यांना मान दिला जातो, तो योग्यच आहे. पण कायदा होण्याआधी तो रस्त्यावर आणि माळावर लढून कमावला गेला, हे विसरून चालणार नाही.

१९७० ते १९७३ सलग दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणं. त्यात बायांची संख्या निम्म्याच्या आसपास, कुठे कुठे त्याहून जास्त. पोटाला सुकडी आणि हातात घण. या कामांवर बाया मोठ्या संख्येने एकत्र आल्या, मोर्च्यांत गेल्या, तहसील कचेरीसमोर बसल्या. वेळेवर पगार, खरं माप, प्यायला पाणी, सावली, पोरांसाठी पाळणाघर या मागण्या तिथून पुढे आल्या. योजनेच्या नियमांत बाई आणि पुरुषाला एकच दर आला. १९०१ च्या दुष्काळी कामात आणि १९७० च्या दशकातल्या दुष्काळी कामात हा फरक पडला. पहिलं काम सरकारची दया होती. दुसरं काम हक्क होतं, आणि त्या हक्काला संविधानातल्या समान दामाचा आधार होता.

तरी एक पळवाट राहिलीच. मजुरी कामाच्या मापावर होती आणि माप टोळीचं किंवा जोडीचं धरलं जाई. नवरा खोदणार, बायको पाट्या टाकणार, आणि मस्टरवर अंगठा नवऱ्याचा. दर समान झाला, पण पैसे घेणारा हात एकच राहिला.

आणि जात? त्याच दुष्काळात, १९७२ मध्ये, परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दोन बौद्ध स्त्रियांची नग्न धिंड काढली गेली. त्या वर्षीच्या दलित पँथरच्या उद्रेकामागे अशाच घटना होत्या. सगळ्या बाया एकाच माळावर खडी फोडत असताना पाण्याच्या काठावर मात्र त्या एक नव्हत्या. सगळ्या स्त्रिया भगिनी आहेत असं सांगणाऱ्या स्त्रीवादाला आम्ही म्हणूनच हा प्रश्न विचारतो, की भगिनीच्या माठातलं पाणी आमच्या बाईला मिळत होतं का?

टाकलेल्या बाया उभ्या राहिल्या

जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यातलं घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत, आणि शेत, म्हातारी माणसं, पोरं सांभाळत बाई गावाला, अशी इथली रीत होती. घर मनीऑर्डरवर चालतं असं म्हटलं जाई. खरं तर मनीऑर्डर पुरत नसे, घर बाईच्या मजुरीवर तगून राहायचं. संपात मनीऑर्डर बंद झाली आणि गिरणी कामगार गावी परतले. खानापूर तालुक्यात त्यांच्यातूनच मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. भारत पाटणकर आणि गेल ऑम्व्हेट तिच्याशी जोडलेले होते. दुष्काळी कामाला माती कशाला वाहायची, दुष्काळ हटवणारं काम द्या, ही तिची मागणी. येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा स्मृती धरण बांधलं. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा, हे तिथलं तत्त्व. बळीराजा हे नाव जोतीरावांनी आपल्याला दिलं, आणि पाण्याचं समन्यायी वाटप ही त्याच विचाराची पुढची पायरी होती.

याच काळात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ या दोन जिल्ह्यांत काम करत होती. इंदुताई पाटणकर तिच्या नेत्या. कराड तालुक्यातलं इंदोली हे त्यांचं माहेर आणि वाळवा तालुक्यातलं कासेगाव सासर. १९४२ च्या आंदोलनात आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात त्या तरुण कार्यकर्त्या होत्या. लहान मुलगा पदरात असताना त्यांनी पती गमावला, शिक्षिकेची नोकरी करून घर उभं केलं, आणि वयाच्या साठीत परित्यक्ता बायांचा प्रश्न हातात घेतला. २०१७ मध्ये त्या गेल्या.

परित्यक्ता म्हणजे नवऱ्याने टाकलेली. आपल्याकडे तिला हाच शब्द वापरतात, टाकलेली. जणू ती वस्तू आहे. नवरा दुसरी बायको करतो आणि तिला माहेरी धाडतो, माहेरी भावाच्या संसारात तिचं ओझं होतं. ती दुसऱ्याच्या शेतात राबते, पण रेशनकार्डावर तिचं नाव सासरी असतं नाहीतर कुठेच नसतं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या बायांनी मागणी केली, की आम्हाला वेगळं रेशनकार्ड द्या, घराला जागा द्या, जमिनीत आणि पाण्यात स्वतःच्या नावाने वाटा द्या. याच सुमारास संगमनेरला निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही परित्यक्तांचा प्रश्न राज्यासमोर आणला. नवऱ्याकडे परत पाठवा, अशी विनवणी यात नव्हती. पुरुषाच्या नावाशिवाय आम्ही नागरिक आहोत की नाही, हा थेट सवाल होता. हिंदू कोड बिलात बाबासाहेब संसदेला हेच विचारत होते.

या लढ्यांतलं काय मिळालं, तेही सांगितलं पाहिजे. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत मुलासारखा जन्मसिद्ध वाटा मिळाला, देशात तो २००५ मध्ये आला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डासाठी घरातली सर्वांत मोठी सज्ञान स्त्री कुटुंबप्रमुख ठरवली. टाकलेल्या बायांनी ज्या कार्डासाठी मोर्चे काढले, त्या कार्डावर पहिलं नाव बाईचं आलं.

शून्यातला निम्मा वाटा

इथे आमचा मतभेद आहे आणि तो स्पष्ट मांडतो. १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं चांदवडला मोठं महिला अधिवेशन झालं आणि पुढे लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. चांगली गोष्ट झाली. पण ज्याच्याकडे जमीन आहे तोच देणार ना? १९५८ च्या कायद्याने महार वतनं गेली, आणि वतनाच्या उरलेल्या तुकड्यांचं पुढे काय झालं हे प्रत्येक गावाला माहीत आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, त्यांत लेकरं कडेवर घेऊन आपल्या आया तुरुंगात गेल्या. तरीही आज आपल्या बहुसंख्य बायांच्या वाट्याला जमीन नाही. वारसा हक्क समान झाला, पण वारशातच काही नसेल तर शून्याचा निम्मा वाटा शून्यच. म्हणून आमच्यासाठी स्त्रीच्या मालमत्तेचा प्रश्न गायरानाच्या, पडीक जमिनीच्या आणि पाण्याच्या फेरवाटपाशिवाय सुटत नाही. सवर्ण स्त्री चळवळीला हे उमगायला वेळ लागला. आपल्याच काही पुढाऱ्यांनाही वेळ लागला, कारण गायरानाचा पट्टा मागताना त्यांनी तो घरातल्या पुरुषाच्या नावे मागितला.

आजचं मस्टर

आज मस्टरची रूपं बदलली आहेत. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांच्या फडात दरवर्षी बीडहून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. उचल नवरा घेतो, मुकादमाशी करार नवरा करतो, आणि मोळी बाई वाहते. एक दिवस खाडा झाला तर दंड, म्हणून पाळीचं दुखणं अंगावर काढायचं. २०१९ मध्ये राज्याच्या समितीसमोर बीड जिल्ह्याच्या पाहणीचे आकडे आले, तेव्हा ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. या टोळ्या आपल्याच शिवारात पालं ठोकून असतात. त्यांच्यात आपली आणि भटक्या-विमुक्तांची माणसं मोठ्या संख्येने आहेत. मिरवणुकीच्या वर्गणीसाठी आपण दारोदार जातो, तसे या पालांवर किती जण गेलो?

दुसरं रूप मानधन या शब्दात लपलेलं आहे. अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा यांना सरकार पगार देत नाही, मानधन देतं. पगार म्हटलं की किमान वेतन, रजा, पेन्शन आलं. मानधन म्हटलं की ती सेवा ठरते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. तरी पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्यातल्या सेविकांना बेमुदत संपावर जावं लागलं. नागपूरच्या परिषदेने १९४२ मध्ये जे मागितलं, तेच ऐंशी वर्षांनी या बाया मागत होत्या.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्याने आईचं नाव बंधनकारक केलं. स्वागत आहे. पण मुलाच्या दाखल्यावर आईचं नाव आणि सातबाऱ्यावर, बँकखात्यावर, मजुरीच्या चिठ्ठीवर मात्र नाही, असं झालं तर तो नुसता मान झाला.

आपण काय करायचं

आपल्यातले काही मित्र म्हणतात, आधी जात संपवू, मग बायांचं बघू. आम्हाला हे मान्य नाही. जात टिकते ती बाईवर ताबा ठेवून, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये जातीवरच्या आपल्या पहिल्याच निबंधात दाखवून दिलं. सतीची चाल, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही जातीची कुंपणं आहेत, असं ते तेव्हा पंचविशीत सांगत होते. म्हणजे बाईची सुटका लांबणीवर टाकणारा माणूस जातीचं कुंपणच राखत असतो, तो निळा झेंडा घेऊन उभा असला तरी.

म्हणून प्रत्येक गावातल्या शाखेने, मंडळाने, विहाराने हे काम या वर्षी घ्यावं. वस्तीतल्या प्रत्येक घराचं रेशनकार्ड, जॉबकार्ड, घराचा उतारा आणि असेल तिथे सातबारा काढून बघायचा, की बाईचं नाव आहे का. रोजगार हमीची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात पडते का, हे विचारायचं. कामावर पाच किंवा जास्त लहान पोरं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची कायद्याने सोय आहे, ती मागायची. टाकलेल्या बाईचं वेगळं कार्ड करून द्यायचं. ऊसतोडीच्या पालांची नोंद करायची. आणि ही यादी घेऊन तहसीलवर जाताना पुढे बाया असल्या पाहिजेत, निवेदनावर पहिली सही त्यांची असली पाहिजे.

सगळ्यात आधी मात्र आपल्या घरातल्या आणि आपल्या ओळखीच्या बागायतदाराच्या बांधावर जाऊन विचारायचं, बाईचा रोज किती आणि गड्याचा किती? फरक असेल तर का? हा प्रश्न विचारला की भांडण होणार. ते व्हायलाच हवं.

जय भीम! जय सावित्री!